पेटी कोणाची, किल्ली कोणाची?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. त्यांच्या नावाला शोभेल असा विषय, म्हणजे विश्वाची उत्पत्ती किंवा अणुऊर्जा, मी निवडेन अशी संयोजकांची अपेक्षा असणार. मी घरातल्या व्हिडिओ गेमचे नाव काढले तेव्हा त्यांनी 'नक्की हाच विषय ना?' असे विचारून घेतले आणि मग मोकळ्या मनाने होकार दिला. त्याबद्दल त्यांचे आभार.

विषय पोरखेळाचा वाटतो खरा. पण टीव्हीला जोडायच्या या पेटीभोवती गेली पन्नास वर्षे एक खरोखरीचा तंटा चालू आहे. आपण पैसे मोजून आणलेल्या यंत्रावर काय चालावे, हे ठरवायचे कोणी? ते बनवणाऱ्याने, विकत घेणाऱ्याने, की तिसऱ्याच एखाद्या कल्पक माणसाने? आज हा प्रश्न मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळीकडे आहे. गेम कन्सोलवर तो फार आधी आणि कोर्टकचेऱ्यांसह लढला गेला. कन्सोलचा इतिहास सहसा चित्रे कशी सुंदर होत गेली या अंगाने सांगतात. मी तो आज कुलपांचा इतिहास म्हणून सांगणार आहे.

सुरुवात राल्फ बेअर यांच्यापासून करावी लागते. जर्मनीतल्या ज्यू कुटुंबात १९२२ साली जन्मलेले बेअर १९३८ साली घरच्यांबरोबर अमेरिकेत निसटले. तिथे कारखान्यात काम करता करता टपालाने येणाऱ्या धड्यांवरून त्यांनी रेडिओ दुरुस्ती शिकून घेतली. पुढे ते न्यू हॅम्पशायरमधल्या सँडर्स असोसिएट्स या लष्करी इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या कंपनीत अभियंता झाले. १९६६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या एका बस स्थानकावर सहकाऱ्याची वाट पाहत असताना त्यांच्या डोक्यात विचार आला, की घरोघरच्या टीव्हीवर प्रक्षेपण पाहण्याखेरीज आणखी काही करता येणार नाही का? १ सप्टेंबर १९६६ रोजी त्यांनी त्या विचाराचे चार पानी टिपण लिहून काढले. बिल हॅरिसन आणि बिल रश या सहकाऱ्यांच्या मदतीने १९६८ पर्यंत 'ब्राउन बॉक्स' नावाचा नमुना तयार झाला, आणि मॅग्नाव्हॉक्स कंपनीने तो १९७२ साली 'ओडिसी' म्हणून बाजारात आणला. किंमत सुमारे १०० डॉलर.

हा घरगुती वापराचा पहिला कन्सोल. त्यात प्रोसेसर नव्हता, स्मृती नव्हती, आवाज नव्हता, गुणही दिसत नसत. पडद्यावर दिसायचे काही पांढरे ठिपके आणि एक रेघ, बस्स! बाकीचा खेळ कल्पनेतला. टीव्हीच्या काचेवर चिकटवायला रंगीत पारदर्शक पडदे मिळत. एक लावला की मैदान, दुसरा लावला की झपाटलेले घर. सोबत फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही असत. खेळ बदलण्यासाठी एक कार्ड खोचावे लागे, पण त्या कार्डात खेळ नसे. पेटीत आधीच असलेली मंडले वेगळ्या तऱ्हेने जोडून देणे एवढेच त्याचे काम.

त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम इथे ओडिसीचे प्रदर्शन झाले आणि नोलन बुशनेल यांनी तिथला टेबल टेनिस खेळून पाहिला. काही महिन्यांतच त्यांच्या अटारी कंपनीत अल अल्कॉर्न यांनी 'पाँग' बनवला. मॅग्नाव्हॉक्सने दावा ठोकला. प्रदर्शनाच्या नोंदवहीत बुशनेल यांची सही होती, ती कामी आली. १९७६ साली तडजोड होऊन अटारीने परवाना घेतला. या धंद्यात पहिली लाट यंत्रांची आली आणि तिच्यामागोमाग वकिलांची. तो क्रम पुढे कधी बदलला नाही.

मग एक चिप आली. जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीच्या या चिपवर पाँगसारखे खेळ तयारच मिळत. ती घ्यायची, डबा बनवायचा, वर आपले नाव घालायचे. बाजार अशा डब्यांनी भरून गेला. पण अशा डब्यात जे खेळ असत ते तेवढेच. कंटाळा आला की डबा माळ्यावर.

या कोंडीतून वाट काढणाऱ्याचे नाव फार जणांना ठाऊक नाही. जेरी लॉसन हे कृष्णवर्णीय अभियंता फेअरचाइल्ड या सेमिकंडक्टर कंपनीत होते. त्यांच्या देखरेखीखाली १९७६ साली 'चॅनल एफ' आला. त्याच्या पेटीत प्रोसेसर होता आणि खेळ मात्र वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत होता. या डबीला आपल्याकडची मुले पुढे कॅसेट म्हणू लागली, मीही तेच म्हणेन. अल्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीची मूळ कल्पना घेऊन लॉसन यांच्या गटाने ती घरात टिकेल अशी बनवली. पोरे कॅसेट शेकडो वेळा आत-बाहेर करणार, हाताची स्थिर वीज आत शिरणार, रेडिओलहरींचे सरकारी नियम पाळायचे. हे सगळे त्यांना सोडवावे लागले.

माझ्या मते कन्सोलचा खरा जन्म इथे झाला, कारण इथे यंत्र आणि खेळ वेगळे झाले. ते वेगळे होताच एक फट पडली. डबी खोचायला जागा ठेवली की ती डबी दुसराही कोणी बनवू शकतो. १९७६ साली हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

१९७७ साली अटारीने आपला व्हीसीएस काढला, जो पुढे '२६००' म्हणून गाजला. त्याची कामाची स्मृती होती १२८ बाइट. मी आत्ता बोललेली दोन वाक्येसुद्धा त्यात मावणार नाहीत. पडद्यावरचे सबंध चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीचा किरण एक-एक ओळ उमटवत खाली सरकत असताना, त्याच्या वेगाशी जुळवून घेत ती ओळ तयार करावी लागे. एका गणिताला एक क्षण जास्त लागला तर चित्र फाटले. हे ज्यांना साधत असे, ते मोजकेच लोक होते. अटारीची खरी कमाई कॅसेटवर होती, म्हणजे पर्यायाने या लोकांच्या डोक्यावर होती. पण खोक्यावर त्यांचे नाव छापले जात नसे. वॉरन रॉबिनेट यांनी 'अॅडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली करून तिथे आपले नाव लपवून ठेवले, ते याच रागातून.

डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन या चौघांनी नाव आणि वाटा मागितला. तुमचे काम आणि जुळणी विभागातल्या कामगाराचे काम सारखेच, असे उत्तर वरिष्ठांकडून मिळाल्याचे क्रेन यांनी नंतर सांगितले आहे. हे लोक बाहेर पडले आणि १९७९ साली, जिम लेव्ही यांना सोबत घेऊन, त्यांनी अॅक्टिव्हिजन काढली. यंत्र अटारीचे, कॅसेट आमची! दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ बनवणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव ठळक छापलेले. अटारीने खटला भरला. १९८२ साली समझोता झाला आणि अॅक्टिव्हिजनने अटारीला रॉयल्टी देऊन धंदा चालू ठेवला. त्याच वर्षी क्रेन यांचा 'पिटफॉल' आला आणि त्याच्या चाळीस लाखांवर प्रती खपल्या.

दार उघडे आहे हे दिसताच सगळे आत घुसले. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीने गेमचा विभाग काढला. कुत्र्यांचे खाद्य बनवणाऱ्या कंपनीने आपल्या जाहिरातीवरून खेळ बनवून घेतला. दुकानांत मालाची थप्पी लागली, किमती कोसळल्या आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला धंदा बसला. सुमारे ३२० कोटी डॉलरची वार्षिक उलाढाल १९८५ पर्यंत १० कोटींवर आली, असे सांगितले जाते.

या पडझडीचा दोष नेहमी त्या घुसखोरांना दिला जातो. मला तो निवाडा अर्धाच पटतो. १९८२ साली ज्या दोन कॅसेटनी लोकांचा विश्वास उडवला, त्या 'पॅक-मॅन' आणि 'ई.टी.', दोन्ही खुद्द अटारीच्या होत्या. 'ई.टी.' साठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना अवघे पाच आठवडे मिळाले, कारण नाताळ गाठायचा होता. १९८३ साली अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डो इथे न खपलेला माल कचरा डेपोत पुरला. २०१४ साली तिथे खोदकाम झाले आणि त्या कॅसेट खरोखरच निघाल्या. म्हणजे धंदा बुडाला तेव्हा टाकाऊ मालातला मोठा वाटा मालकाचा होता आणि त्या काळातला एक उत्तम खेळ बाहेरच्याचा होता. तरीही धंद्याने धडा घेतला तो असा, की दाराला कुलूप हवे.

ते कुलूप लावले निन्टेंडोने. क्योटोमध्ये १८८९ साली हानाफुदा पत्ते बनवण्यासाठी निघालेली ही कंपनी. हिरोशी यामाउची यांच्या अमलाखाली मासायुकी उएमुरा यांनी बनवलेला 'फॅमिकॉम' १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीस आला. अमेरिकेत मात्र दुकानदार 'व्हिडिओ गेम' हे शब्द ऐकायलाच तयार नव्हते. म्हणून १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये हेच यंत्र रूप पालटून गेले. व्हीसीआरसारखे पुढचे झाकण, 'एंटरटेनमेंट सिस्टिम' असे नाव आणि सोबत एक छोटा यंत्रमानव, खेळण्यांच्या विभागात जागा मिळावी म्हणून. न खपलेला माल परत घेण्याची हमीही दिली होती.

त्या नव्या रूपात एक अशी गोष्ट होती, जी जपानी यंत्रात नव्हती. कन्सोलमध्ये एक चिप आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जुळी बहीण. यंत्र सुरू होताच दोघी ठरावीक आकड्यांची माळ एकाच वेळी म्हणू लागत. सूर जुळला तर खेळ चालू. नाही जुळला तर यंत्र दर सेकंदाला पुन्हा सुरू होत राही. कॅसेटमधली चिप फक्त निन्टेंडोकडे मिळे. त्यामुळे बाहेरच्या कंपन्यांना अटी मान्य कराव्या लागल्या: वर्षाला पाचच खेळ, कॅसेट निन्टेंडोच बनवणार, पैसे आगाऊ, आणि तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर द्यायचा नाही. पाचाची मर्यादा चुकवायला कोनामीने अल्ट्रा नावाची दुसरी कंपनी काढली, तेव्हा कुठे त्यांना हातपाय पसरता आले.

या कुलपाने बाजार सावरला, हे नाकारता येत नाही. दुकानदारांचा विश्वास परतला. पण श्रोतेहो, जपानमध्ये हीच चिप नसताना फॅमिकॉम तुफान चालला, तिथला बाजार बुडाला नाही. तिथे करार होते, आणि मुख्य म्हणजे शिगेरू मियामोतो यांच्या 'सुपर मारिओ'सारखे खेळ होते. दर्जा कुलपामुळे येतो या समजाला खुद्द निन्टेंडोच्या घरातून मिळालेले हे उत्तर आहे. आणि कुलपाचा त्रास झाला कोणाला? रीतसर पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला. कॅसेटचे टोक जरा मळले की दोन चिपांचा संवाद तुटे आणि पडदा उघडझाप करू लागे. लोकांना वाटे, कॅसेट बिघडली. १९९३ साली निन्टेंडोने या यंत्राचे नवे स्वस्त रूप काढले, त्यात ती चिप ठेवलीच नाही.

कुलूप म्हटले की ते उघडणारे आलेच. काहींनी विजेचा झटका देऊन चिप गोंधळवली. अटारी गेम्सची टेंगेन ही शाखा आणखी पुढे गेली: खटल्यासाठी हवे आहे असे खोटे सांगून त्यांनी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयातून त्या चिपचा प्रोग्रॅमच मिळवला. १९९२ साली न्यायालयाने हे चालणार नाही, असे सुनावले. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका न्यायालयाने सेगा आणि अॅकोलेड यांच्या खटल्यात वेगळी वाट दाखवली. अॅकोलेडने सेगाचा कन्सोल बाजारातून विकत आणला, तो उलगडून त्याची रीत समजून घेतली आणि तिच्याशी जुळणाऱ्या आपल्या स्वतंत्र कॅसेट बनवल्या. दुसरा मार्गच नसेल तर समजून घेण्यासाठी असे उलगडणे कायद्याला मान्य आहे, असा निर्णय झाला. ही अॅकोलेड कोणी काढली होती? अॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड यांनी. १९७९ साली अटारीचे दार ठोठावणाऱ्या चौघांतले हे दोघे. चोरी आणि अभ्यास यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हे संगणकाच्या जगाला शिकवणाऱ्या निकालांत या निकालाचे स्थान वरचे आहे.

आता आपल्याकडे येऊ. निन्टेंडोचे मूळ यंत्र आपल्या बाजारात फारसे कोणी पाहिले नाही. तरीही नव्वदच्या दशकात वाढलेल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना मारिओ आणि काँट्रा पाठ आहेत. याचे कारण म्हणजे फॅमिकॉमची नक्कल. जपानी यंत्रात ती चिप नव्हती, म्हणून तैवान, हाँगकाँगकडच्या कारखान्यांना त्याच्यासारखी यंत्रे बनवणे सोपे गेले. रशियात ती 'डेंडी' झाली, पोलंडमध्ये 'पेगासस', आणि आपल्याकडे 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी सुट्टीत घरी आली. पाहुण्यांच्या मुलांशी भांडण, कॅसेटवर मारलेली फुंकर, '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये फिरून फिरून येणारे तेच वीसेक खेळ. हा सगळा आनंद कायद्याच्या पलीकडचा होता. त्याचे समर्थन मी करत नाही. परंतु जपानी खेळांची ओळख अर्ध्या जगाला अधिकृत दुकानांनी करून दिली नाही, एवढे इतिहासात नोंदवायला हवे.

किल्ली हातात असल्याचा गर्व निन्टेंडोलाही भोवला. सोनीबरोबर सीडीचे यंत्र बनवायचा करार असताना १९९१ च्या शिकागोतल्या प्रदर्शनात निन्टेंडोने अचानक फिलिप्सचा हात धरला. अपमान गिळून सोनीच्या केन कुतारागी यांनी स्वतःचा कन्सोल पुढे रेटला आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी प्लेस्टेशन आला. खेळ कंपन्या तिकडे वळण्याचे मोठे कारण होते हिशेबाचे. कॅसेट महाग, तिची मागणी महिनोन्महिने आधी नोंदवायची, उरली तर नुकसान. सीडी स्वस्त, झटपट आणि जागेने प्रचंड. १९९६ साली निन्टेंडोने पुन्हा कॅसेटचाच कन्सोल काढला, तेव्हा स्क्वेअर कंपनी आपला 'फायनल फँटसी' घेऊन सोनीकडे गेली. प्लेस्टेशन दहा कोटींवर खपला आणि त्यानंतरचा प्लेस्टेशन २ सुमारे सोळा कोटी.

सोनीचेही कुलूप होतेच, पण ते जास्त चतुर होते. सीडीच्या आतल्या कडेच्या चरीला कारखान्यात एक सूक्ष्म हेलकावा दिलेला असे आणि त्यात त्या प्रदेशाची खूण. घरच्या यंत्रावर सीडीची नक्कल केली तर माहिती उतरे, हेलकावा उतरत नसे. मग ती खूण खोटीच पुरवणारी छोटी चिप निघाली. आपल्या शहरांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत कन्सोल 'चिप बसवून' मिळे, हे इथल्या अनेकांना सांगायला नको. याच प्लेस्टेशन २ वर २००९ साली 'हनुमान: बॉय वॉरियर' हा हैदराबादेत बनलेला खेळ आला. कन्सोलसाठी पूर्णपणे भारतात घडलेल्या पहिल्या खेळांपैकी तो एक. त्याचे कौतुक बेताचेच झाले, पण आपण केवळ खेळणारे राहिलो नाही याची ती नोंद आहे.

२००२ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सला इंटरनेटची सेवा जोडली आणि कुलपाची जागा बदलली. तोवर ते पेटीत किंवा चकतीत होते, आता ते कंपनीच्या सर्व्हरवर गेले. आज कित्येक कन्सोलना चकती घालायची फटच नाही. खेळ 'विकत घ्या' या बटणावर मिळतो, पण हातात पडतो तो वापराचा परवाना. २०२३ च्या मार्चमध्ये निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांचे ऑनलाइन दुकान बंद केले. २०१४ साली निघालेला 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ २०२४ मध्ये कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर पैसे भरलेल्यांनाही खेळता येईना. या असंतोषाच्या काळातच कॅलिफोर्नियाने कायदा केला की परवानाच देत असाल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगा.

हे फक्त ग्राहकाच्या हक्कापुरते नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत असे आढळले. ग्रंथालयांनी अभ्यासकांना हे खेळ दूरवरून पाहू देण्याची सवलत मागितली. अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली ती नाकारली. ज्या कार्यालयातून एकदा कुलपाचा प्रोग्रॅम खोटे सांगून बाहेर पडला, त्याच कार्यालयात आता खरे सांगून आलेल्या ग्रंथपालाला आत घेत नाहीत.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका वाटू नये. चित्रपटही एकेकाळी करमणुकीचा फुटकळ माल समजला जात होता. त्यामुळे आपले बहुसंख्य मूकपट कायमचे गेले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे शोधून आणले, म्हणून आज आपण त्यांच्याविषयी काही ठामपणे बोलू शकतो. त्या वेळी फीत निदान कोणाच्या तरी पेटाऱ्यात पडून होती. उद्याच्या नायरांना पेटाराच सापडणार नाही, कारण खेळ दूरच्या सर्व्हरवर होता आणि सर्व्हर बंद झाला.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत आणि त्या मी या व्यासपीठावरून स्पष्ट मांडतो. निर्माता जोवर विकतो आहे तोवर कुलूप त्याचे, याला माझी हरकत नाही. श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण त्याने विकणे थांबवले की जतन करणाऱ्या सार्वजनिक संस्थेला ते कुलूप उघडण्याचा कायदेशीर हक्क हवा. आणि दुसरी: वस्तू विकताना ती विकली की भाड्याने दिली, हे भारतीय ग्राहकालाही पैसे घेण्याआधी सांगितले गेले पाहिजे. लॉसन यांनी खेळ यंत्रापासून वेगळा केला, मिलर-व्हाइटहेड यांनी तो मालकाच्या मर्जीपासून वेगळा केला. त्याला कंपनीच्या आयुष्यापासून वेगळे करण्याचे काम बाकी आहे. ते अभियंत्यांच्या हातचे नाही. कायदा करणाऱ्यांचे आणि त्यांना तो करायला लावणाऱ्यांचे, म्हणजे आपले आहे.